आंब्याच्या हिशेबाने घेतलेले टायर

मी एकदा गाडीचे टायर हापूससारखे निवडले. अंगठ्याने दाबून, वास घेऊन, आणि आकडा जितका लहान तितका माल उंची, असं मनाशी ठरवून. तेव्हा माझं वय बावन्न होतं. म्हणजे 'लहान होते, कळत नव्हतं' अशी सवलत घ्यायलाही तोंड नाही. बावन्नाव्या वर्षी बाईला एखादी गोष्ट कळत नसेल, तर ती कळून घ्यायचीच नाही असं तिने ठरवलेलं असतं. ह्या बाईने तर ते चारचौघांत जाहीर केलं होतं.

आता तिच्याबद्दल सांगते. मला ती बाई आवडत नाही, हे आधीच बोललेलं बरं. आज सत्तरीला टेकलेली मी तिला अंगणातून हाकलून दिलं असतं. डोळ्यांवर काळा चष्मा, पदर कमरेला खोचलेला, आणि पिकअपच्या खिडकीतून एक कोपर बाहेर. पावस गावच्या बाजारातून जाताना गरज नसताना हॉर्न वाजवायची. का, तर पंचक्रोशीत पिकअप चालवणारी बाई दुसरी नव्हती. आमचे हे बोटीवर इंजिनरूममध्ये होते, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसत. बाग माझ्या अंगावर. आंब्याच्या पेट्या वेळेवर रत्नागिरीला पोचवायला ड्रायव्हर मिळेना, तेव्हा मी गाडी शिकले. इथपर्यंत कौतुकाचं. पण गाडी चालवता आली म्हणजे गाडीतलं सगळं कळतं असा त्या बाईचा समज झाला, आणि तिथून पुढे कौतुकाचं काही नाही.

ज्यांनी आंबा फक्त खाल्ला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. पेटी एकाच मापाची. त्यात चार डझन फळ बसलं तर फळ मोठं, सहा डझन बसलं तर मध्यम, आणि आठ डझन बसलं तर बारकं. आठ डझनी पेटीकडे बघताना दलाल तोंड वाकडं करतो. तेव्हा आमच्या धंद्यात लहान आकडा हा मोठा मान. पंचवीस वर्षं मी ह्या आकड्यांत वावरले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हटलं असतं, चार चांगलं, आठ वाईट.

आमच्या पिकअपला मात्र दुसरंही एक काम होतं. आंबा संपला की मेच्या अखेरीला ती होड्या ओढायची. खाली पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, पूर्वी माडांखाली होड्या शाकारून ठेवायचे. तिथे समुद्राने जमीन खाल्ली, मग दगडांचा बंधारा आला, आणि होड्यांना जागाच उरली नाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागायच्या आत, समुद्र फिरायच्या आत, होड्या घाटी चढवून वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आणायच्या. आधी सगळी वाडी दोराला लागायची. चाळीस माणसं, खाली माडाचे ओंडके, आणि ओरडून ओरडून घसे बसलेले. मग कोणीतरी जुन्या आसावर वेल्डिंग करून दोन चाकांची ट्रॉली बनवली, ती माझ्या पिकअपच्या मागच्या हुकाला अडकू लागली, आणि चाळीस माणसांच्या जागी मी आले. त्या बाईच्या डोक्यात जी हवा गेली ती इथे गेली. टायरमध्ये गेली असती तर उपयोग तरी झाला असता.

त्या वर्षी जुने टायर झिजले होते. त्याच सुमारास पुळणीवर एक पर्यटक आपली उंच, चकचकीत गाडी घेऊन थेट पाण्यापर्यंत गेला. असे दर सुट्टीला येतात. ह्यांना समुद्र काचेतूनच बघायचा असतो. ओहोटीची ओली वाळू बघून रस्ता समजतात, भरती यायला लागली की 'काका, काका' करत धावतात. ह्याची गाडी आसापर्यंत रुतली. मी माझी पिकअप घेऊन गेले, दोर लावला, आणि झिजलेल्या, काळ्या, कुरूप टायरांवर तिला ओढून बाहेर काढली. आणि परत येताना ती बाई कसला विचार करत होती? त्याच्या टायरांचा! काय रुंद होते, बाजूला पांढरी अक्षरं, कडेला कसली नक्षी. जी गाडी रुतली तिचे टायर आवडले. जिने काढली तिचे नाही. एवढ्यावर माझी गोष्ट संपवली तरी चालेल, पण पुढे दुसऱ्याचं नुकसान आहे, म्हणून सांगायला हवी.

आमचे हे त्या वर्षी कायमचे घरी आले होते. मी टायर आणायला निघाले तेव्हा पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

"साइज बदलू नकोस," ते म्हणाले. "आहे तोच घे. आणि आठ प्लाय बघ."

"मला कळतं."

"ओझं ओढायचं आहे, म्हणून सांगतोय. उंच टायर घेतलास तर चढाला गाडी रडेल."

"अहो, तुमचं इंजिन पाण्यात चालायचं. पाण्याला टायर लागत नाहीत."

त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. तीस वर्षं जहाजाच्या पोटात काढलेला माणूस, यंत्र कुठे कुरकुरतंय ते कानाने ओळखणारा, आणि त्याला ही बाई टायर शिकवत होती.

हायवेला टायरचं दुकान होतं. दुकानदार सभ्य माणूस. त्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला.

"वहिनी, गाडी कशाला वापरता?"

"आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी. आणि मेमध्ये होड्या ओढते."

"ट्रॉली लावून?"

"मग काय, डोक्यावरून?"

तो हसला आणि आतून एक टायर घरंगळत घेऊन आला. अरुंद, काळा, जाड्या कडांचा. "मग हेच घ्या. दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, पंधरा. गाडीबरोबर आलेला साइज हाच. आठ प्लाय."

ह्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा कडेची उंची रुंदीच्या मानाने किती टक्के ते, तिसरा आतल्या लोखंडी चाकाचं माप. आणि प्लाय म्हणजे टायरच्या अंगात किती थरांचं बळ आहे त्याची खूण. हे मी आज सांगते आहे, कारण नंतर शिकले. त्या दिवशी त्या बाईने टायरच्या कडेला अंगठा लावला आणि दाबला. जराही दबला नाही.

"कच्चा वाटतो," ती म्हणाली.

दुकानदाराला वाटलं मी थट्टा करते आहे. माझी नजर त्याच्या मागच्या रांगेवर गेली. तिथे ते होते. रुंद, दोन बोटं उंच, पांढऱ्या अक्षरांचे.

"ते कसले?"

"ते दोनशे पस्तीसचे. शहरातल्या मोठ्या गाड्यांना घालतात. तुमच्या रिमला बसतील, पण तुमच्या कामाचे नाहीत. सहा प्लाय आहेत."

सहा! बाईचे डोळे चमकले. आठ डझनी माल गळ्यात मारत होता मेला, आणि सहा डझनी मागे लपवून ठेवला होता. पंचवीस वर्षं दलालांशी भांडलेली बाई ती, तिला काय फसवणार? तिने जाऊन त्या टायरला अंगठा लावला. कडा किंचित दबली. मग तिने वाकून वास घेतला. हो, घेतला. नव्या रबराचा वास नाकात भरून ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "चारचे नाहीत का?"

दुकानदाराने हातातला टायर भिंतीला टेकवला. "वहिनी, चारचे लहान कारला लागतात."

"म्हणजे आहेत."

"आहेत. पण तुम्ही होड्या ओढता ना?"

"बरं, राहू दे. हे सहाचे चार घाला."

त्याने आणखी एकदा समजावलं. आकडा मोठा तितकं ओझं जास्त, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्या बाईने मान हलवली. दलालही असंच बोलतात, असं तिच्या मनात चाललं होतं. खरं सांगणाऱ्या माणसाचा तिला संशय आला आणि गप्प पडून असलेल्या रबराचा विश्वास वाटला. अशा बाईच्या हातात मी आज भाजीची पिशवीसुद्धा देणार नाही.

घरी आणली गाडी. बाजारातून वळसा घालून आणली, हे वेगळं सांगायला नको. ह्यांनी एका टायरला पायाने जरा ढोसलं, वाकून कडेवरचे आकडे वाचले आणि सरळ झाले.

"छान दिसतायत," ते म्हणाले. "आता हिला लग्नाला ने. कामाला नेऊ नको."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्या दोन दिवसांत बरं वाटलं असावं.

गाडी मात्र बोलत होती. पेट्या भरल्या की वळणावर टायर मडगार्डला घासायचे. कर्र असा आवाज. मी खिडकीची काच वर करायचे. उंच चाक म्हणजे एका फेऱ्यात जास्त वाट कापायची, आणि इंजिन तेच. त्यामुळे चढावर आधी दुसऱ्या गिअरमध्ये जायची ती आता पहिल्यात कण्हायला लागली. त्याला मी 'नवीन आहेत, बसतील हळूहळू' म्हणायचे. टायर काय लोणचं आहे, मुरायला?

मे संपत आला. होड्या वर आणायची वेळ झाली. तीन जुन्या होड्या आल्या, लहान होत्या, आल्या. चौथी चाचांची.

चाचा आमच्या बागेच्या खालच्या अंगाला राहायचे. वय साठीचं, बोलणं कमी. त्यांची ती होडी नवी होती, फायबरची, बाकीच्यांपेक्षा लांब. मुलगा मस्कतला, दोन वर्षं घरी आला नव्हता, त्याच्या कमाईची होडी. एकच मोसम पाण्यात गेली होती. चाची रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची तिला, म्हैस धुतात तशी. मुलाने पत्नीला आणि पोरांना तिकडे न्यायचं सोडून होडीत सगळं घातलं होतं, आणि पुढच्या मोसमात ती घर चालवेल म्हणजे तो परत येईल, असं त्या घरात ठरलं होतं. चाचा मला हे सांगायला आले नव्हते. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

ट्रॉलीवर होडी चढवली. दोर आवळले. ट्रॉलीचं नाक हुकावर बसलं तशी पिकअप मागे खाली बसली, आणि मागच्या दोन्ही टायरांच्या कडा बाहेर फुगल्या. आमचे हे तिथेच उभे होते. ते माझ्या खिडकीशी आले.

"बघितलंस ना?"

"काय?"

"उतर आणि बघ. जुने टायर आहेत अजून मागच्या पडवीत. झिजलेले असले तरी एक खेप ओढतील. तासाभराचं काम आहे. बदलू."

"भरती येतेय. तासभर कुठे थांबता?"

भरतीला चांगला दीड तास होता. मला माहीत होतं. पण पुळणीवर वाडी जमली होती, आणि त्यांच्यासमोर टायर बदलायचे म्हणजे माझा अंगठा चुकला हे सगळ्यांसमोर म्हणायचं. तिथे एका बाजूला चाचांची होडी होती आणि दुसऱ्या बाजूला माझं नाक. त्या बाईने नाक निवडलं.

चाचा पुढे आले. होडीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "बाय, नवी हाय. जपून."

"चाचा, तुम्ही काळजीच करू नका."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि मी क्लच सोडला.

पुळण पार झाली. घाटीचा पहिला टप्पा चढली, पहिल्या गिअरमध्ये, म्हाताऱ्यासारखी धापा टाकत. चाचांचे दोघे भाऊ मागून मोठे दगड घेऊन चालत होते, गाडी मागे सरली तर चाकाखाली टाकायला. दुसऱ्या वळणावर रस्ता जांभा कापून काढलेला आहे. आतल्या बाजूला चिऱ्याची कड वर आलेली. त्या वळणावर गाडी नेहमी जरा घासून न्यावी लागते. जुना टायर त्या कडेवर घासला तर ओरखडा पडायचा, बस. हा रुंद टायर ओझ्याने फुगून बाहेर आला होता, त्याने चिऱ्याची कड मांसात सुरी घ्यावी तशी आत घेतली. मला धक्का बसला, मग फट् असा आवाज. गाडीचा मागचा कोपरा खाली गेला. ब्रेक दाबला होता, तरी ट्रॉलीच्या ओझ्याने गाडी मागे सरकू लागली, आणि ट्रॉली आडवी वळली. भावांनी दगड टाकले. एका चाकाखाली बसला, दुसऱ्याखाली नाही. ट्रॉली त्या एका चाकावर फिरली आणि होडीची मागची बाजू खालच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, जाऊन आपटली.

माणसाला कोणाला लागलं नाही. 

होडीचा आवाज मात्र मी विसरत नाही. लाकूड मोडतं तेव्हा ओरडतं. फायबर ओरडत नाही, कुरकुरत फाटतं, सुपासारखं. मागच्या फळीपासून तळाच्या कण्यापर्यंत हातभर चीर गेली होती. चाचा चालत वर आले, धावले नाहीत. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. मग त्यांनी भावांकडे बघितलं आणि दोर सोडायला लागले.

मी गाडीतून उतरले. काळा चष्मा डोळ्यांवर तसाच. आमच्या ह्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. तेवढंच. 'मी सांगितलं होतं' असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही. म्हणाले असते तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं. त्यांना ते माहीत होतं.

मग वाडी पुन्हा दोराला लागली. चाळीस माणसं, घसे फोडून. फुटलेली होडी हाताने वर नेली. मीही दोराला लागले. कोणी नको म्हटलं नाही, कोणी ये म्हटलं नाही. माझ्या पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने फक्त मागे वळून विचारलं, "गाडी थकली काय गो?"

दुरुस्ती आम्ही करून द्यायची, हे बोलायचीही गरज पडली नाही. पण दुरुस्तीला कोरडी हवा लागते. पाऊस सुरू झाल्यावर हवा इतकी ओली की फायबर सांधायचं रेझिन धड सुकत नाही. कारागीर येऊन बघून गेला आणि म्हणाला, दसऱ्याआधी हात लावत नाही, लावला तर पुन्हा फाटेल. श्रावणात नारळ वाहून बाकीच्या होड्या पाण्यात उतरल्या. चाचांची प्लॅस्टिकखाली सड्यावर. मोसमाचे सुरुवातीचे दिवस, जेव्हा मासा खरा मिळतो, चाचा दुसऱ्याच्या होडीवर हाताखाली गेले. साठीच्या माणसाने, स्वतःची होडी असताना. मस्कतहून मुलगा त्या वर्षी आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला.

टायर मी लगेच बदलले. दुकानदाराकडे गेले, म्हटलं, "आठ प्लाय. दोनशे पंधरा." तो हसला नाही. हसला असता तर सोपं गेलं असतं. त्याने आधी गाडी जॅकवर घेतली, मग एवढंच विचारलं, "होडी मोठी होती?" मी मान हलवली.

चाचांकडे मात्र मी तीन महिने गेले नाही. डबे पाठवले, गडी पाठवला, ह्यांना पाठवलं, स्वतः नाही. शेवटी होड्या उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. पडवीत जाळ्याची फाटलेली बाजू विणत बसले होते. चाचीने चहा ठेवला आणि आत गेली नाही, दारातच उभी राहिली. मी तयारी करून गेले होते. ज्या बाईने दुकानदाराचं ऐकलं नव्हतं ती आता दुकानदाराची सगळी वाक्यं पाठ करून आली होती. रुंदी म्हणजे काय, कडेची उंची म्हणजे काय, प्लाय म्हणजे काय, उंच चाकाने ओढ कशी कमी होते, ओझ्याने कड कशी फुगते. पेटीचा हिशेबही सांगितला, आठ डझनी आणि सहा डझनी. मला वाटलं, कारण नीट सांगितलं की चूक जरा आखूड होते. बराच वेळ बोलले. चहावर साय आली.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही मान वर केली नाही. सुई जाळ्यातून काढली, दोरा दाताने तोडला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, पुढल्या वर्षी पण गाडी तूच आण, आमची माणसं आता म्हातारी झाली. पण टायर घ्यायला जाशील तेव्हा मला संगती ने. टायरातला मला काय कळत नाय. मी तुझ्यावर नजर ठेवीन."